डोंगर चढायचा नाही, तरी डोंगरातून चालायचं: मॉन्सल ट्रेलची गोष्ट

मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन मोठ्या औद्योगिक शहरांच्या मधल्या डोंगराळ भागाला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथेच, 1951 साली घोषित झालं. इथे फिरायला आलेल्या माणसाची तक्रार सहसा एकच असते. निसर्ग सुंदर आहे, पण पायवाटा दम काढतात. वाय नदीने चुनखडीचा दगड कापत खोल, नागमोडी दऱ्या केल्या आहेत. त्यात उतरायचं म्हणजे घसरण आणि पुन्हा वर यायचं म्हणजे छाती भरून येणार.

याच दरीतून एक वाट अशी जाते की तिच्यावर सत्तरीचे आजोबा काठी न टेकता चालतात, आई-बाबा बाळाची ढकलगाडी घेऊन फिरतात आणि व्हीलचेअरवरचा माणूसही दरीवरच्या उंच पुलाच्या मधोमध जाऊन खाली नदी बघू शकतो. तिचं नाव मॉन्सल ट्रेल. डर्बीशर परगण्यातल्या बेकवेल या गावापासून ब्लॅकवेल मिलपर्यंत साधारण पावणेचौदा किलोमीटर. निवांत चालणाऱ्याला चारेक तास पुरतात.

ही वाट चालणाऱ्यांसाठी कोणी आखली नव्हती. ती मँचेस्टर ते लंडन या रेल्वेमार्गाचा तुकडा आहे. 1968 साली गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले गेले आणि जमिनीची अरुंद पट्टी तेवढी मागे राहिली.

सपाटपणा येतो कुठून?

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं तेव्हा घर्षण फार कमी असतं. म्हणूनच एक इंजिन शेकडो टन माल ओढू शकतं. पण हाच गुण चढावर दोष ठरतो, कारण चाकाला पकड मिळत नाही आणि ते जागच्या जागी फिरू लागतं. बैलगाडी किंवा मोटार जो चढ सहज घेते, तो आगगाडीला झेपत नाही. त्यामुळे रेल्वेचे इंजिनिअर डोंगराशी तडजोड करत नाहीत. उंचवटा आला की तो फोडायचा, डोंगर आडवा आला की बोगदा काढायचा, दरी आली की पूल बांधायचा आणि खोदून निघालेला दगडमातीचा ढीग पुढच्या खळग्यात भराव म्हणून टाकायचा.

मॉन्सल ट्रेलवरचा चढ ढोबळमानाने शंभर फुटांमागे एक फूट आहे. व्हीलचेअरसाठी इमारतीबाहेर जो उतरंडीचा रॅम्प बांधतात, त्याला बारा फुटांमागे एक फूट इतका चढ चालतो. म्हणजे ही डोंगरातली वाट रॅम्पच्या मानाने आठपट सौम्य आहे. बेकवेलहून निघालेला माणूस सबंध वाटभर चढतच असतो, पण ते त्याला कळत नाही. सायकलवाल्याला मात्र परतीच्या वाटेवर कळतं, कारण पेडल जरा कमी मारावं लागतं.

तुलनेसाठी आपला बोरघाट घ्या. तोही याच काळातला, 1863 मध्ये सुरू झालेला. तिथे चढ 37 फुटांमागे एक फूट आहे आणि रेल्वेच्या हिशोबात तो भयंकर मानला जातो. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडली जातात ती त्याचसाठी. डर्बीशरमधल्या इंजिनिअरांनी दरी इतकी कापली आणि इतकी भरली की चढ बोरघाटाच्या मानाने पुष्कळ सौम्य राहिला. आज चालणाऱ्याच्या गुडघ्यांना जो आराम मिळतो, तो दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कोळशाची बचत व्हावी म्हणून केलेल्या खटाटोपाचा फायदा आहे.

दोन ड्यूक आणि एक संतापलेला लेखक

मिडलँड रेल्वे कंपनीला मँचेस्टरपर्यंत पोचायचं होतं. सोपा मार्ग डरवेंट नदीच्या काठाने, चॅट्सवर्थच्या इस्टेटीतून जात होता. ती इस्टेट ड्यूक ऑफ डेव्हनशरची. ते जमलं नाही, तेव्हा मार्ग पश्चिमेला वाय नदीच्या दरीकडे वळला. तिथे हॅडन हॉल हा ड्यूक ऑफ रटलंडचा जुना वाडा आडवा आला. वाड्यातून आगगाडी दिसता कामा नये, अशी अट पडली. म्हणून बेकवेलच्या दक्षिणेला मार्ग बोगद्यात घालून झाकला गेला. हे काम चालू असताना 1861 मध्ये बोगद्याचा भाग कोसळून मजूर मेले. उमरावांच्या खिडकीतला देखावा शाबूत राहिला.

हा हॅडनचा बोगदा अजून बंद आहे आणि मॉन्सल ट्रेल त्याच्या अलीकडेच, कूम्ब्स रोडच्या पुलापाशी सुरू होतो.

1862-63 मध्ये मार्ग टप्प्याटप्प्याने बक्स्टनपर्यंत खुला झाला आणि 1867 पर्यंत मँचेस्टरशी जोडला गेला. सगळ्यात जास्त डोळ्यांत भरणारं बांधकाम म्हणजे मॉन्सल डेलमधला हेडस्टोन पूल. पाच कमानी, नदीपासून सुमारे सत्तर फूट उंच. आज पीक डिस्ट्रिक्टच्या दिनदर्शिकेत आणि पोस्टकार्डांवर हाच पूल असतो. पण त्या काळातला नामवंत कलासमीक्षक जॉन रस्किन तो पाहून भडकला. या दरीत एके काळी देव वस्तीला असावेत इतकी ती सुंदर होती, तुम्ही सुरुंग लावून ती फोडलीत, निर्मळ झऱ्यात दगडांचा चुरा ओतलात, अशा आशयाचं त्याने लिहिलं. आणि मिळवलंत काय, तर बक्स्टनचे मूर्ख अर्ध्या तासात बेकवेलला जाऊ शकतात आणि बेकवेलचे मूर्ख बक्स्टनला, असा टोला त्याने हाणला.

हा तोच रस्किन, ज्याचं ‘अन्टू धिस लास्ट’ वाचून 1904 मध्ये गांधीजींचं आयुष्य बदललं आणि ज्याचं सार त्यांनी ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत उतरवलं. रेल्वेविषयी ‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजींचा जो राग दिसतो, त्याच्या शेजारी रस्किनचा हा संताप ठेवून पाहण्यासारखा आहे.

रस्किनचं म्हणणं थट्टेवारी नेता येत नाही. दरी खरंच फोडली गेली होती. फक्त पुढे झालं असं, की त्याने ज्या पुलाला शिव्या घातल्या, त्याच पुलाला 1970 मध्ये सरकारने जतन करण्याजोगी वास्तू म्हणून संरक्षण दिलं. गाड्या थांबून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. चुनखडीच्या दगडांवर शेवाळ चढलं, कमानींच्या बाजूने झाडं वाढली आणि तो पूल आता दरीचाच अवयव वाटतो. त्याच्याशिवाय मॉन्सल डेलचा फोटो लोकांना अपुरा वाटतो.

गिरण्यांच्या बाजूने

बेकवेल सोडल्यावर पहिले काही किलोमीटर साधे आहेत. कुरणं, मेंढ्या, दगडी कुंपणं. हॅसप स्टेशनची जुनी इमारत लागते. ते ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या सोयीसाठी बांधलं गेलं, पण हॅसप गाव तिथून लांब आणि बेकवेल जवळ, त्यामुळे प्रवासी फारसे आलेच नाहीत. 1942 मध्येच प्रवाशांसाठी बंद झालेल्या या स्टेशनात आज उपाहारगृह, पुस्तकांचं दुकान आणि भाड्याच्या सायकली आहेत. गर्दी रेल्वेच्या काळात नव्हती एवढी असते.

मग हेडस्टोनचा बोगदा येतो. सुमारे 487 मीटर लांब, आत गार हवा, छतातून ठिबकणारं पाणी, दिव्यांची रांग. दुसऱ्या टोकाला माणूस बाहेर पडतो तो थेट पुलावर. एका पावलात अंधार संपतो आणि दोन्ही बाजूंना दरी उघडते. हा क्षण कोणी रचलेला नाही. सरळ जायचं म्हणून डोंगर पोखरला आणि लगेच दरी होती म्हणून पूल बांधला, एवढंच. पण या वाटेवर लोक परत परत येतात त्यात या क्षणाचा वाटा मोठा आहे.

पुढे क्रेसब्रुक आणि लिटन हे दोन बोगदे. त्यांच्या दरम्यान खाली नदीकाठी जुन्या कापडगिरण्या दिसतात. क्रेसब्रुकची गिरणी तर ऐटबाज आहे, एखाद्या सरदाराच्या हवेलीसारखी. आता तिथे राहण्याचे फ्लॅट आहेत. लिटन मिलचंही तसंच. वाय नदीचं जोरकस पाणी चाकं फिरवायला मिळतं म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस सूतगिरण्या या अडचणीच्या दऱ्यांत आल्या होत्या. आसपास वस्ती नव्हती, मग कामाला हात कुठून आणायचे? शहरांतल्या गरीबखान्यांतून. तिथली अनाथ मुलं ‘शिकाऊ कामगार’ म्हणून गाडीभर पाठवली जात आणि वयात येईपर्यंत त्यांना गिरणीतून सुटका नसे.

रॉबर्ट ब्लिंको हा त्यांतला एक. लंडनच्या सेंट पँक्रस गरीबखान्यातून 1799 मध्ये, सात वर्षांचा असताना, तो आधी नॉटिंगहॅमजवळच्या गिरणीत गेला आणि काही वर्षांनी एलिस नीडहॅमच्या लिटन मिलमध्ये. मारहाण, उपासमार, चौदा-पंधरा तासांचं काम, यंत्रात सापडलेली बोटं, हे सगळं त्याने मोठेपणी एका पत्रकाराला सांगितलं. ती हकिकत 1828 मध्ये छापली गेली, 1832 मध्ये स्वतंत्र पुस्तिका म्हणून पुन्हा आली आणि बालकामगारांच्या कायद्यासाठी चाललेल्या चळवळीच्या हाती लागली. गिरणीत मेलेली मुलं एकाच ठिकाणी पुरली तर आकडा लोकांच्या डोळ्यांवर येईल, म्हणून ती आसपासच्या वेगवेगळ्या गावांच्या चर्चमध्ये पुरली जात, असंही त्यात आहे.

ब्लिंको ज्या सेंट पँक्रसमधून आला, तिथेच 1868 मध्ये मिडलँड रेल्वेचं लंडनचं भव्य स्टेशन उभं राहिलं. त्या स्टेशनातून सुटणाऱ्या मँचेस्टरच्या गाड्या पुढची शंभर वर्षं लिटन मिलच्या डोक्यावरून धावल्या. शेवटच्या काळात, 1960 ते 1966, निळ्या रंगाची आलिशान मिडलँड पुलमन गाडीही इथूनच जायची.

माल, चुना आणि पाच फलाट

मिलर्स डेल हे या मार्गावरचं मुख्य स्टेशन. बक्स्टनला जाणारे इथे गाडी बदलत. आजूबाजूला मोजकी घरं आणि स्टेशनाला मात्र पाच फलाट, शिवाय फलाटावरच टपाल कचेरी. वाहतूक इतकी वाढली की पहिला पूल पुरेना, म्हणून 1905 मध्ये त्याच्या शेजारी दुसरा बांधला. हे दोन्ही पूल अजून एकमेकांना खेटून उभे आहेत.

लिटन मिलपासून मिलर्स डेलकडे येताना वाटेला लागून चुन्याच्या भट्ट्यांच्या प्रचंड भिंती दिसतात. खाणीतला चुनखडीचा दगड वरून ओतायचा, कोळशाबरोबर भाजायचा आणि खालून निघालेला चुना थेट वाघिणीत भरायचा, असा तो धंदा होता. इथली एक भट्टी 1880 पासून 1944 पर्यंत चालली. जवळच्या खाणीत आता रानफुलांचं राखीव क्षेत्र आहे. चुनखडीच्या उघड्या, निकस जमिनीवर गवत फार माजत नाही, त्यामुळे ऑर्किडसारख्या नाजूक झाडांना जागा मिळते. रेल्वेच्या कडेलाही हेच झालं. शेतीचं खत नाही, मेंढ्यांची चराई नाही. जूनमध्ये या कापलेल्या कडांवर जी फुलं दिसतात, ती शेजारच्या हिरव्यागार कुरणात शोधून सापडत नाहीत.

झाडांची बातमी तितकी चांगली नाही. या दऱ्यांतली बरीचशी झाडी ॲश या एकाच जातीची आहे आणि 2012 मध्ये ब्रिटनमध्ये आढळलेल्या बुरशीच्या रोगाने ती मरत आहे. मोकळ्या रानात मेलेलं झाड उभं राहिलं तरी चालतं. वाटेवर झुकलेलं झाड चालत नाही, ते उतरवावं लागतं.

तीस वर्षं अर्धवट

1963 मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यातले मार्ग बंद करा, असं त्याचं सूत्र. सुमारे पाच हजार मैल मार्ग आणि दोन हजारांहून जास्त स्टेशनं त्याने काट मारण्यासाठी सुचवली. त्या दशकात देशभर रूळ उखडले गेले. पुढे बहुतेक ठिकाणी काय झालं, तर पट्टी तुकड्यातुकड्याने विकली गेली. कुठे शेतकऱ्याने नांगर फिरवला, कुठे घरं झाली, कुठे बायपास. रेल्वेमार्गाची किंमत त्याच्या सलगपणात असते. पन्नास मीटरचा एक तुकडा मधून गेला तरी बाकीचे दहा किलोमीटर निरुपयोगी होतात.

पीक डिस्ट्रिक्टमध्ये उद्यानाच्या प्रशासनाने हे लवकर ओळखलं. शेजारचा बंद पडलेला एक मार्ग विकत घेऊन त्याने 1971 मध्येच टिसिंग्टन ट्रेल म्हणून चालण्यासाठी खुला केला होता. मॉन्सलचा मार्ग 1980 मध्ये ताब्यात आला आणि पुढच्या वर्षी ट्रेल सुरू झाला.

पण बोगद्यांना कुलपं होती. दगड पडण्याची भीती, दिव्यांची सोय नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत. प्रत्येक बोगद्याशी आलं की वाट सोडायची, डोंगर चढून पलीकडे उतरायचं आणि पुन्हा वाट धरायची. ची डेलमध्ये तर खाली नदीच्या पातळीवर उतरून पाण्यातल्या दगडांवरून पावलं टाकत पुढे जावं लागे आणि नदीला पूर असला की तेही बंद. ती खालची वाट आजही आहे आणि हौशी लोकांना तीच आवडते. पण सायकल, ढकलगाडी, व्हीलचेअर यांच्यासाठी ट्रेल तीस वर्षं फक्त नावाला होता. 2011 च्या मे महिन्यात चार मोठे बोगदे दुरुस्त करून, दिवे लावून उघडले गेले, तेव्हा कुठे वाट सलग झाली. निधी सरकारच्या वाहतूक खात्याने सायकलींना उत्तेजन म्हणून दिला होता. दिवे अंधार पडल्यावर बंद होतात, हे मात्र संध्याकाळी उशिरा निघणाऱ्याने लक्षात ठेवावं. हिवाळ्यात इथे चार वाजताच मावळतं.

रूळ परत आले तर?

या सलग पट्टीकडे आणखी एका गटाचा डोळा आहे. हा मार्ग बंद झाल्यापासून मँचेस्टरहून डर्बीला जाणाऱ्यांना शेफिल्डवरून वळसा पडतो. रस्त्यांवर मोटारींची रांग असते आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्या पीक डिस्ट्रिक्ट बघायलाच आलेल्या असतात. रेल्वे परत सुरू करा, म्हणजे लोक मोटारी घरी ठेवून येतील, असं सांगणारी मोहीम बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. 2004 मध्ये परगण्याच्या कौन्सिलने केलेल्या अभ्यासात हे तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचं म्हटलं होतं, पण खर्चाचा मेळ तेव्हा बसला नाही.

दोन्ही बाजूंकडे तथ्य आहे. ट्रेल राखला म्हणूनच बोगदे आणि पूल शाबूत राहिले आणि रेल्वे परत आणण्याची नुसती चर्चा तरी करता येते. दुसरीकडे, चारशे मीटरच्या बोगद्यात गाडी आणि पायी माणूस एकत्र नांदू शकत नाहीत. मोहीमवाले ट्रेलला पर्यायी वाट देऊ म्हणतात. ती पर्यायी वाट डोंगरावरून जाईल, म्हणजे पुन्हा चढ-उतार आले. ज्यांना फक्त सपाट वाटच चालते, अशा लोकांच्या हातून मग नेमकी तीच जाईल. पायांत बळ असलेल्यांना पीक डिस्ट्रिक्टमध्ये वाटांचा तोटा नाही. त्यामुळे रुळांचा पक्ष पर्यावरणाच्या हिशोबात कितीही बळकट असला, तरी या प्रश्नाचं उत्तर त्याला आधी द्यावं लागेल.

रेल्वे इथून पुरती गेलेली नाही, हे वाटेच्या शेवटी दिसतं. मिलर्स डेलनंतर ची टॉरचे बोगदे ओलांडून ब्लॅकवेल मिलला पोचलं की रेल्वे कामगारांची जुनी घरं लागतात. त्यांच्या कुटुंबांसाठी इथे एक इवलासा फलाट होता, इंग्लंडमधल्या सगळ्यात लहान फलाटांत त्याची गणना व्हायची. तिथून थोड्याच अंतरावर रूळ जिवंत आहेत. खाणीतला चुनखडीचा दगड भरलेल्या मालगाड्या त्यांवरून आजही जातात. प्रवासी गाडी मात्र नाही.

त्यामुळे या जुन्या रेल्वेमार्गावर चालायला रेल्वेने थेट जाता येत नाही. मँचेस्टरहून बक्स्टनपर्यंत लोकल आहे, तासाभराची. तिथून बेकवेलला बस जाते. ज्यांना अख्खी वाट नको, त्यांनी मिलर्स डेलपासून हेडस्टोन पुलापर्यंतचा साधारण पाच किलोमीटरचा तुकडा घ्यावा. दोन बोगदे, गिरण्या, भट्ट्या आणि तो पूल, सगळं त्यात येतं. मिलर्स डेलच्या स्टेशनात चहा मिळतो. बेकवेलला उतरलात तर तिथलं बदाम-अंड्याचं पुडिंग खाऊन निघा. खरं पुडिंग आमच्याकडचंच, असं गावातली एकाहून जास्त दुकानं सांगतात.